गोष्टीतले शब्द कापू नका



बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातल्या शेतकऱ्याघरचं सहा वर्षांचं लेकरू शाळेत येतं, ते शब्दांची शिदोरी घेऊनच. वखर, डवरणी, निंदण, सरकी, बोंड हे सगळं त्याला ठाऊक असतं. ‘मले गोष्ट सांग’ म्हणत ते आजीमागं लागतं आणि गोष्ट कितीही लांबली तरी कान देऊन ऐकतं. त्याच लेकराच्या हाती आपण मोजक्या, गुळगुळीत शब्दांचं पुस्तक देतो. का, तर अवघड शब्द मुलांना झेपत नाहीत म्हणे!

मुलाचं अडतं कुठं, ते पाहा. ‘स्वच्छ’चा अर्थ त्याला कळतो, पण जोडाक्षरं वाचताना ते थबकतं. ‘वखर’ची तिन्ही अक्षरं साधी, अर्थही घरचा, पण हा शब्द गोष्टीत सापडतच नाही.

मूल स्वतः वाचणार असेल, तर शब्द बेताचे हवेतच. अमेरिकन बाललेखक डॉ. स्यूस यांनी १९५७ साली ‘द कॅट इन द हॅट’ हे पुस्तक अवघ्या २३६ वेगवेगळ्या शब्दांत रचलं. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरही मराठी गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांवर लावलेल्या आहेत. पण ऐकायच्या गोष्टीला हे कुंपण कशाला? अमेरिकेतल्या संशोधकांनी शंभर चित्रपुस्तकं तपासून २०१५ साली दाखवून दिलं, की मोठी माणसं मुलांशी एरवी जे बोलतात, त्याहून जास्त वेगवेगळे शब्द या पुस्तकांत असतात. रोजच्या बोलण्यात न येणारे शब्द मुलाला गोष्टीतूनच भेटतात.

याच बुलढाणा जिल्ह्यातले सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या कादंबरीतली वऱ्हाडी बोली महाराष्ट्रभरच्या वाचकांनी आपलीशी केली. मोठ्या वाचकांवर टाकलेला हा भरवसा बालवाचकांवरही टाकायला हवा. लेखकांनो, वाक्यं छोटी ठेवा, पण शब्द कापू नका. गोष्टीत डवरणी येऊ द्या आणि मोताळ्याच्या मुलानं कधी न पाहिलेलं गलबतही येऊ द्या.

आणि पालकांनो, शिक्षकांनो, रोज एक गोष्ट मोठ्यानं वाचा. प्रत्येक शब्दाशी थांबून अर्थ सांगत बसू नका. मुलानं विचारलं तर जरूर सांगा. त्यानं तीच गोष्ट पुन्हा मागितली, तर कंटाळा न करता पुन्हा वाचा. पहिल्यांदा निसटलेला शब्द दुसऱ्या-तिसऱ्या वेळी त्याचा स्वतःचा होतो.