छातीतले पाणी आणि जुनी हजेरी



आम्ही काही डॉक्टर नव्हे. आमची शाळा चौथीत सुटली. पुढचे शिकलो ते कारखान्याच्या दारात. तरी आज मेसोथेलिओमावर बोलायला उभे आहोत. हा फुप्फुसाभोवतीच्या अस्तराचा कर्करोग. अॅस्बेस्टॉसची धूळ छातीत गेल्यावर तो बहुधा तीस-चाळीस वर्षांनी उठतो. म्हणजे नोकरी मुंबईला आणि दुखणे मलकापूर-नांदुऱ्याला!

आमचा एक सोबती ब्रेकच्या अस्तरखात्यात होता. साठीनंतर गावी त्याला धाप लागली. छातीत पाणी निघाले, म्हणून क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. पाणी तीनदा काढले, तीनदा भरले. पूर्वी काम काय करीत होतास, हे कुणी विचारले नाही. आम्हालाही सुचले नाही, आणि हे आम्हाला अजून बोचते. नुसत्या पाण्याच्या तपासणीत हा रोग पुष्कळदा सापडत नाही; दुर्बिणीने अस्तराचा तुकडा काढावा लागतो. तो अखेर परळच्या टाटा रुग्णालयात काढला, पण वर्ष गेले होते.

समूळ बरे करील असे औषध नाही, हे आधीच सांगतो. परंतु 'काही उपाय नाही' हेही खोटे. पाणी काढून आत टाल्कची पूड सोडली, की पापुद्रे चिकटतात आणि पाणी सहसा पुन्हा साचत नाही. माणूस आडवा होऊन झोपतो. ह्याचे मोल रात्र बसून काढणाऱ्याला विचारावे! २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकट्या सिस्प्लॅटिनवर रोगी सरासरी नऊ महिने जगले, जोडीला पेमेट्रेक्सेड दिल्यावर बारा. २०२० पासून प्रतिकारशक्ती चेतवणारी दोन औषधेही ह्या रोगावर मिळून देतात. त्यांची किंमत मात्र शेत विकायला लावील अशी. मोठ्या शस्त्रक्रियेचा आग्रह कुणी धरला, तर दोनदा विचारा. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत तिने आयुष्य वाढले नाही, हाल वाढले.

भरपाईची वाट निराळी. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षे जपण्याचा हुकूम दिला. ती नोंद मागा. दवाखान्यात जाताना जुना हजेरीपास, पगाराची चिठ्ठी, जे असेल ते न्या. काहीच नसेल, तर त्या खात्यातले दोन साक्षीदार आम्ही शोधून देऊ.

सोबत्याच्या चिठ्ठ्या त्याच्या बायकोने ट्रंकेतून काढून दिल्या. देता देता तिने विचारले, "भाऊ, त्यांचे कपडे मी रोज झटकून धूत होते. मलाही तपासून घ्यावं लागेल का?" पुढच्या सोमवारी आम्ही तिला घेऊन बुलढाण्याला छातीचा फोटो काढायला जाणार आहोत.