शिजवलेल्या दुधाचे आयसिंग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. व्याख्यान देणे हे काही माझे काम नव्हे. परंतु स्वयंपाकातील एखादी उपयोगी गोष्ट सांगावी अशी मंडळाची आज्ञा झाली, म्हणून उभी आहे.

आता आपल्या भंडारा जिल्ह्यात खेड्यापाड्यांतही मुलांना ओवाळून झाले की केक लागतो. घरी केक करणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. कढईत वाळू तापवून केला तरी तो छान फुगतो. अडते ते वरच्या आयसिंगापाशी. लोण्याच्या नेहमीच्या आयसिंगात लोण्याच्या दुप्पट पिठीसाखर पडते. मोठी माणसे ते खरवडून ताटलीच्या कडेला सारतात. मुलांच्या पोटात मात्र सगळे जाते. शिजवलेल्या आयसिंगाला लोण्याइतकीच साखर पुरते. अमेरिकेत रेड व्हेल्वेट नावाच्या लाल केकवर पूर्वी हेच लावीत. आपल्यापैकी ज्यांना पिठले ढवळता येते, त्यांना हे सहज जमेल.

बारा लहान कपकेकना दूध अर्धा कप, मैदा अडीच मोठे चमचे, साखर 100 ग्रॅम, बिनमिठाचे लोणी 100 ग्रॅम, चिमूटभर मीठ व थोडा व्हॅनिला अर्क घ्यावा. लोणी घरचे असल्यास ताजे असावे. थंड पाण्याने तीन-चारदा धुऊन पाणी पुरते निथळावे, म्हणजे आंबूस वास येत नाही.

आधी साखर व मैदा कोरडेच एकत्र करावे. त्यात थंड दूध थोडे थोडे घालून गुठळ्या मोडाव्या, मगच पातेले मंद आचेवर ठेवावे. आपल्या भंडाऱ्याची पितळी भांडी नावाजलेली आहेत, पण दूध शिजवायचे तर भांड्याला कल्हई हवी. नाहीतर जाड बुडाचे स्टीलचे पातेले बरे. सारखे ढवळत राहावे. मिश्रणाला बुडबुडे येऊन ते खळीसारखे दाट झाले, की आणखी एक-दोन मिनिटे शिजवावे. नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. शिजताना मैदा दुधातले पाणी धरून ठेवतो, म्हणून पुढे लोणी फुटत नाही. आणि साखर विरघळलेली असल्यामुळे दातांखाली कचकचत नाही.

आता खरी मेख ऐका. हे मिश्रण पुरते निवले पाहिजे. साय धरू नये म्हणून वर ताटली न ठेवता ओले फडके मिश्रणाला चिकटवून ठेवावे. बोटाला जराही कोमट लागले, तर लोणी वितळून सगळे पातळ होते. आपल्याकडे वैशाखात तर लोणी नुसते ठेवले तरी पाघळते. तेव्हा हे काम पहाटे करावे व भांडे गार पाण्याच्या परातीत ठेवावे.

लोणी पांढरे व हलके होईपर्यंत फेसावे. मग निवलेले मिश्रण एकेक चमचा घालीत फेसत जावे. मध्येच फाटल्यासारखे दिसले तर घाबरू नये. फेसत राहिल्यास ते जुळून येते. पातळ वाटले तर दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेसावे.

यात दूध आहे, हे विसरू नये. उन्हाळ्यात केक बाहेर ठेवू नये. उरलेले आयसिंग फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावे.

भगिनींनो, घरात गोड किती असावे हे ठरविणे शेवटी आपल्याच हाती आहे.