वार्धक्याचा भार कोणी वाहायचा?
(राइट टाउन, जबलपूर येथील भाषण)

गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या जुन्या कायम कामगाराला निदान पेन्शन आहे. वृद्धनिवासाचे शुल्क तो कसेबसे भागवील. पण याच राइट टाउनमध्ये जन्मभर धुणीभांडी करणाऱ्या बाईने काय करावे? साठी उलटलेल्या निर्धनाच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये. २००७ सालीही तो तेवढाच होता! त्याच वर्षी संसदेने ज्येष्ठांच्या निर्वाहाचा कायदा केला. जिल्ह्यागणिक किमान १५० निराधारांसाठी वृद्धाश्रम, असे कलम १९ सांगते. मात्र राज्य सरकार तो स्थापन ‘करू शकेल’, करीलच असे नाही. मुलांवर सक्ती, सरकारला मुभा! ही मुभा रद्द करा आणि वृद्धाश्रमांच्या खर्चाची तरतूद अर्थसंकल्पात करा, ही आपली मागणी आहे.