पावसाचं नाव



मी हवाई बेटांवरच्या हिलो गावी शिकवते. तिथे निरीक्षणाला 'किलो' म्हणतात, वजनाचा नव्हे! रानात शिरण्याआधी मुलं त्या जागेची परवानगी मागतात, मग गप्प बसून वारा, ढग, पक्षी वहीत टिपतात.

पहिल्याच वर्षी एकाने अख्ख्या पानावर एकच शब्द लिहिला: कानिलेहुआ. मी शेरा मारला, 'अपूर्ण'. दुसऱ्या दिवशी त्याची तूतू, म्हणजे आजी, आली. शांतपणे म्हणाली, "हे हिलोच्या पावसाचं नाव. लेहुआच्या फुलांवर पडणारा. आणखी काय लिहायचं?" मी त्याच्यासमोर शेरा खोडला.

माझी आजी मृगाचा, हत्तीचा पाऊस म्हणायची. आपल्या शाळेच्या वहीत मी मात्र नुसतं 'पाऊस' लिहीत असे.