आभासी यंत्राला प्रोसेसर किती?

(बेळ्ळंदूर, बंगळुरू येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



आपण जेथे जमलो आहोत त्या बेळ्ळंदूरच्या बाह्य वळण मार्गावर माहिती तंत्रज्ञानाची कार्यालये ओळीने उभी आहेत. तेथील अभियंत्यांसमोर वारंवार येणारा एक प्रश्न मी आजच्या विषयासाठी निवडला आहे : एखाद्या आभासी यंत्राला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, प्रोसेसर किती द्यावेत? प्रश्न तांत्रिक दिसतो. परंतु सातबारा उतारा, जन्माचा दाखला किंवा तुमच्या परीक्षेचा निकाल आज अशाच यंत्रांतून तुमच्यापर्यंत येतो. उत्तर चुकले की शासनाचा पैसा अडकून पडतो आणि खिडकीशी उभा असलेला नागरिक ताटकळतो.

एकाच संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक असल्याचा भास निर्माण करण्याचे तंत्र नवे नाही. आयबीएम कंपनीने 1972 मध्ये व्हीएम/370 ही प्रणाली बाजारात आणली. सर्वसाधारण सर्व्हरवर हे तंत्र रुळले ते व्हीएमवेअरच्या 2001 मधील ईएसएक्स या प्रणालीनंतर. आपल्याकडे राष्ट्रीय ई-शासन योजना 2006 मध्ये मंजूर झाली. त्याअंतर्गत राज्य माहिती केंद्रांच्या योजनेस जानेवारी 2008 मध्ये 1,623.20 कोटी रुपयांच्या तरतुदीसह मान्यता मिळाली आणि फेब्रुवारी 2014 मध्ये ‘मेघराज’ उपक्रमांतर्गत राष्ट्रीय क्लाउड सुरू झाला. परीक्षेसाठी ही वर्षे लक्षात ठेवाच. पण त्यामागील बदल अधिक महत्त्वाचा आहे. पूर्वी प्रत्येक विभाग स्वतःचा सर्व्हर खरेदी करीत असे. आता त्याला सामायिक साधनांतील वाटा मिळतो.

सवय मात्र जुनीच राहिली. सर्व्हर एकदा घेतला की पाच वर्षे बदलायचा नाही, म्हणून मागणीपत्रात गरजेच्या दुप्पट आकडा लिहिण्याची पद्धत होती आणि तेव्हा ती शहाणपणाची होती. सामायिक यंत्रणेत तीच पद्धत अंगाशी येते. चार प्रोसेसरऐवजी आठ मागितले म्हणून काम दुप्पट वेगाने होत नाही. कित्येकदा ते मंदावते.

असे का व्हावे? उडुपी उपाहारगृहातील दुपारची गर्दी डोळ्यांपुढे आणा. एकट्या गिऱ्हाइकाला कोठेही जागा मिळते. एकाच टेबलावर बसण्याचा आग्रह धरणाऱ्या चौघांना मात्र दारात थांबावे लागते. ईएसएक्सच्या आरंभीच्या आवृत्त्यांत नेमके हेच घडे. यंत्राचे सर्व आभासी प्रोसेसर एकाच वेळी चालावेत, असा नियम असल्याने तितके खरे गाभे, म्हणजे कोअर, मोकळे होईपर्यंत यंत्र थांबून राही. 2006 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून हा नियम बराच सैल झाला. म्हणून ‘चार गाभे रिकामे झाल्याशिवाय यंत्र हलतच नाही’ हे विधान आज जसेच्या तसे खरे नाही. उत्तरपत्रिकेत ते लिहू नका. तरीही एक प्रोसेसर फार पुढे गेला तर त्याला मागे राहिलेल्यांसाठी थांबवले जाते. केव्हीएमसारख्या प्रणालीत प्रत्येक आभासी प्रोसेसर स्वतंत्रपणे चालतो. तेथे अडचण वेगळी : सामायिक माहितीचे कुलूप ज्याच्या हाती आहे, त्याचीच पाळी संपली तर बाकीचे नुसते फेऱ्या मारीत बसतात.

दुसरे कारण जीन अॅमडाल यांनी 1967 मध्ये मांडले. कामाचा काही भाग एकामागून एकच करावा लागतो. समजा, 75 टक्के काम वाटून घेता येते. मग चार प्रोसेसरवर वेग सुमारे 2.3 पट होतो, आठवर 2.9 पट आणि सोळावर जेमतेम 3.4 पट. कितीही प्रोसेसर दिले तरी तो चौपटीपर्यंत पोहोचणार नाही.

आता शेजाऱ्यांचा विचार करू. 32 गाभ्यांच्या सर्व्हरवर 20 यंत्रे असून प्रत्येकाला चार आभासी प्रोसेसर आहेत, असे माना. एकूण 80, म्हणजे प्रत्येक गाभ्यामागे अडीच. सर्वांची कामे एकाच क्षणी येत नसल्याने हे सहज निभावते. आता प्रत्येकाने ‘असू द्यावेत’ म्हणून आठ मागितले. कागदावर 160 झाले, गाभे 32 च राहिले. ओपनस्टॅक प्रणालीत हे प्रमाण दीर्घकाळ मुळातच एकास सोळा ठेवलेले होते. ती परवानगी होती, शिफारस नव्हे.

मग ठरवायचे कसे? मोजून. व्हीएमवेअरमध्ये ‘रेडी टाइम’ हे माप आहे : यंत्र काम करण्यास तयार होते, पण खरा गाभा मिळाला नाही, असा काळ. समजा, 20 सेकंदांच्या नोंदीत चार प्रोसेसरच्या यंत्राचा एकूण आकडा 4,000 मिलिसेकंद आला. 20,000 ने भागल्यास 20 टक्के. चौघांत वाटल्यास प्रत्येकी 5 टक्के. येथपासून लक्ष ठेवावे. 10 टक्क्यांच्या पुढे तक्रारी सुरू होतात. वापर कमी आणि रेडी टाइम जास्त असेल, तर त्या यंत्राचे प्रोसेसर कमी करून पाहावेत. लिनक्सच्या यंत्रांत याच अर्थाचा ‘स्टील टाइम’ दिसतो. सरासरीवर मात्र विसंबू नका. निकालाच्या संकेतस्थळाची वर्षभराची सरासरी काहीच सांगत नाही. निकालाच्या दिवशीचा तास पाहावा लागतो. त्या दिवसापुरती यंत्रांची संख्या वाढवणे हे एकच यंत्र वर्षभर फुगवून ठेवण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडते.

साध्या कामासाठी एक-दोन प्रोसेसरपासून आरंभ करावा, असे मी सुचवतो. त्याला एक व्यावहारिक कारणही आहे. व्हीएमवेअरमध्ये तशी सोय आधी सुरू ठेवलेली असल्यास चालू यंत्राला प्रोसेसर वाढवून देता येतात. कमी करायचे तर यंत्र बंदच करावे लागते. आणि लोकांच्या सेवेचे यंत्र केवळ आपले प्रोसेसर परत देण्यासाठी बंद करू द्यायला कोणताही विभाग सहजासहजी तयार होत नाही.