स्वागताध्यक्षांचे भाषण

सन्माननीय उद्घाटक, परिषदेचे अध्यक्ष, देशभरातून आलेले संशोधक, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे उभ्या असलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

जैवपदार्थ आणि पुनर्जनन वैद्यक हे शब्द न अडखळता म्हणता यावेत म्हणून मी घरी बरेच दिवस घोकत होतो. शेवटी माझ्या नातीनं सोपं करून सांगितलं. वेलाला मांडव घालतो तसा हे लोक पेशींना मांडव घालून देतात. त्यावर हाड, कूर्चा, कातडी पुन्हा वाढते. तेवढ्या भांडवलावर मी इथं उभा आहे.

भंडारा म्हटलं की पाहुणे पितळेची भांडी आणि तांदूळ, एवढंच म्हणतात. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन होऊन प्राचीन बौद्ध स्तूप निघाला, हे कुणी म्हणत नाही. आणि कोलू पाटील कोहळी यांचं नाव तर कुणीच घेत नाही. (समितीतले सहकारी हसताहेत, मी प्रत्येक भाषणात कोलू पाटलांवर येतो हे त्यांना ठाऊक आहे.) अठराव्या शतकाच्या सुरुवातीला या गृहस्थांनी डोंगरांच्या मधल्या खिंडीत पाळ घालून नवेगावचा बांध उभा केला. डिग्री नाही, नकाशा नाही. पाणी कुठून येतं आणि कुठं थांबतं, हे बघण्याची नजर होती. लोकांनी त्यांना कोलासुर म्हणून देव केलं. सभोवतालच्या सात बहिणी नावाच्या टेकड्यांपैकी एकीवर त्यांचं ठाणं आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगाव तिकडे गेलं. जाऊ द्या. तलाव तिकडचा झाला तरी माणूस आमचाच. कोहळी समाजानं गावोगाव बांधलेली तळी पुढं मालगुजारांची झाली, मालगुजारी गेल्यावर सरकारची. आता माजी मालगुजारी म्हणून त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. आमचा धान अजून या मामांच्याच जिवावर पिकतो.

याचा परिषदेशी काय संबंध? खरं सांगायचं तर फारसा नाही. संबंध आहे तो कोशाचा.

आमच्या जंगलात ऐनाच्या झाडांवर ढिवरांची कुटुंबं कोसा, म्हणजे तसर रेशमाचा किडा, पाळतात. पाखरं आणि मुंग्यांपासून अळ्या राखायच्या म्हणजे दिवसभर झाडाखाली बसावं लागतं. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावात त्याच कोशापासून करवतकाठी लुगडी विणली जातात. बाया कोसे सोड्याच्या पाण्यात उकळतात, वरचा डिंक सुटला की टोक शोधून धागा ओढतात. तुमच्या प्रयोगशाळेतही रेशमावरचं सेरिसिन काढायला सोड्याच्याच पाण्यात उकळतात, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. खाली जे फायब्रोइन उरतं, त्यात तसरची खुबी आहे : पेशींना चिकटून बसायला लागणारा तीन अमिनो आम्लांचा तुकडा त्यात मुळातच असतो. तुतीच्या रेशमात तो नसतो. आयआयटी खरगपूरच्या प्राध्यापक सुभाष कुंडू यांनी अनेक वर्षं या तसरवर काम केलं आणि पुढं ते पोर्तुगालच्या मिन्हो विद्यापीठात गेले. म्हणजे ऐनावरचा किडा युरोपात पोचला. पुनर्जननाच्या या क्षेत्रात आपली मराठी माणसंही आहेत : पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात (एनसीसीएस) डॉ. रमेश भोंडे यांनी मधुमेह आणि मूलपेशींवर काम केलं.

आता व्यवस्थेबद्दल. आमचं स्टेशन भंडारा रोड, पण ते आहे वरठीला. त्यामुळे पहाटेच्या गाडीनं उतरलेल्यांची तारांबळ झाली, क्षमा असावी. लॉज थोडे म्हणून निम्मे पाहुणे वसतिगृहात आणि घरोघरी आहेत. तळ्यांचा जिल्हा, तेव्हा डास आहेत. मच्छरदाण्या पोचल्या नसतील तर मला सांगा, कार्यकर्त्यांना सांगू नका, ते आधीच वैतागले आहेत. सभागृहाचे पडदे पातळ आहेत, दुपारी पडद्यावरची चित्रं फिकी दिसतील. एका पाहुण्यांचे थंड ठेवायचे नमुने मिठाईवाल्याच्या फ्रीजमध्ये श्रीखंडाशेजारी ठेवले आहेत. डब्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली आहे, तरी जेवणात श्रीखंड नाही याची मी जातीनं खात्री केली.

तुमसरच्या राइस मिलवाल्यांनी चिन्नोर तांदूळ दिला, पितळेच्या व्यापाऱ्यांनी सन्मानचिन्हांची फुलपात्रं दिली, विणकरांनी शाली बाजारभावाहून कमी किमतीत दिल्या. ती सूट त्यांच्या मजुरीतून आली, म्हणून त्यांचे आभार सगळ्यांत आधी मानायला हवे होते. मंडपवाले, आचारी, वीज मंडळाचे कर्मचारी, एनएसएसची पोरं, ज्या गृहिणींनी खोल्या रिकाम्या करून दिल्या त्या, सगळ्यांचा मी ऋणी आहे. ज्यांचं नाव राहिलं त्यांनी रागावू नये; जेवताना भेटून रागवावं.

शेवटी एक मागणं. आमची मुलं इथल्या कॉलेजात बीएस्सी होतात, नागपुरात एमएस्सी करतात आणि मग घरची ओढाताण पाहून बहुतेक बँकेच्या परीक्षेला बसतात. पीएचडी, मग परदेशातली वर्षं, मग नोकरीची वाट, एवढा धीर धरायला कुणीतरी पाठीशी लागतं. जाण्यापूर्वी तुमच्यापैकी एकानं तरी भंडाऱ्याच्या कोशावर काम करायला भंडाऱ्याचा एक विद्यार्थी घ्यावा. अर्ज मी गोळा करून ठेवले आहेत, नोंदणीच्या टेबलावर आहेत. आणि कोशाचं विणकाम बघायला आंधळगावची बस उद्या सकाळी सात वाजता सुटेल.