कायद्याचा हात कोणावर?

अमेरिकेतील राज्यांचे ई-सिगारेटविषयक कायदे : अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर

कोणताही कायदा समोर आला की कामगार चळवळ एक प्रश्न प्रथम विचारते : या कायद्याचा हात कोणावर पडतो? माल काढून नफा मिळविणाऱ्यावर, की तो माल ज्याच्या गळी उतरविला गेला त्याच्यावर? आजचा विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु ई-सिगारेट, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘व्हेपिंग’ म्हणतात, तिच्यासंबंधी अमेरिकेतील राज्यांनी गेल्या पंधरा वर्षांत केलेले कायदे हे या प्रश्नाचे जिवंत उदाहरण आहे.

प्रथम वस्तू समजून घेऊ. विजेरीवर चालणारे एक छोटे उपकरण, त्यात तापणारी तारेची गुंडाळी आणि निकोटीन, ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल व स्वाद मिसळलेला द्रव, एवढीच तिची रचना. द्रव तापून त्याचा सूक्ष्म तुषार होतो आणि तो छातीत ओढला जातो. येथे तंबाखूचे पान जळत नाही, त्यामुळे विडी-सिगारेटच्या धुरातील कित्येक विषारी द्रव्ये यात नसतात किंवा कमी असतात. सिगारेट सोडू पाहणाऱ्या काही प्रौढांना तिचा उपयोग होतो, हेही संशोधनाने दाखविले आहे. ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. परंतु बाजाराने ही वस्तू औषध म्हणून विकली नाही. आंबा, पुदिना, मिठाई यांच्या स्वादात ती विकली गेली, आणि गिऱ्हाईक मिळाले ते शाळकरी वयाचे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील २७.५ टक्के विद्यार्थी ई-सिगारेट ओढीत असल्याचे सरकारी पाहणीत आढळले. ज्यांनी कधी सिगारेट हातातही धरली नव्हती, अशी असंख्य मुले निकोटीनच्या व्यसनात ओढली गेली.

हे राज्यांवर का आले? २००९ मध्ये अमेरिकेच्या संसदेने तंबाखू नियंत्रणाचा कायदा केला, पण त्यात ई-सिगारेटचा नामोल्लेख नव्हता. ती औषध मानावी की तंबाखूचा पदार्थ, यावर खटला झाला. रोगोपचाराचा दावा केलेला नसेल तर ती औषध मानता येणार नाही, असा निर्णय २०१० मध्ये अपील न्यायालयाने दिला. केंद्रीय अन्न व औषध प्रशासनाचे नियम लागू व्हायला त्यानंतर ऑगस्ट २०१६ उजाडले. या सहा वर्षांत बाजार मोकळा होता. म्हणून न्यू जर्सीने २०१० मध्येच अल्पवयीनांना विक्री आणि बंदिस्त सार्वजनिक जागी वापर यांवर बंदी घातली. खरेदीचे किमान वय एकवीस करणारे पहिले राज्य हवाई. तो कायदा १ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने तोच मार्ग धरला. केंद्राने सर्व देशासाठी ही वयोमर्यादा आणली ती डिसेंबर २०१९ मध्ये.

दरम्यान भांडवलाने आपली चाल केली होती. ज्यूल नावाच्या कंपनीने २०१५ मध्ये असे उपकरण बाजारात आणले की ज्यात निकोटीनचे प्रमाण मोठे, पण घशाला त्याचा चटका कमी. नवशिक्याला ते सहज ओढता येई. डिसेंबर २०१८ मध्ये मार्लबरो सिगारेटची मालक आल्ट्रिया हिने १,२८० कोटी डॉलर देऊन ज्यूलचे ३५ टक्के भाग विकत घेतले. जुन्या सिगारेटचा ग्राहक घटत असताना नवा ग्राहक ज्याच्या हाती आहे त्यालाच विकत घ्यावयाचे, हा मक्तेदारी भांडवलाचा परिचित मार्ग होय.

आता कॅलिफोर्नियाची हकीकत पाहू. २८ ऑगस्ट २०२० रोजी तेथील राज्यपालांनी स्वादयुक्त तंबाखू पदार्थांच्या विक्रीस बंदी करणाऱ्या कायद्यावर सही केली. ई-सिगारेटचे स्वाद आणि मेंथॉल सिगारेट दोन्ही त्यात आली. दंड दुकानदाराला; ओढणाऱ्याला नव्हे. १ जानेवारी २०२१ ला कायदा सुरू व्हावयाचा होता. परंतु त्या राज्यात असा नियम आहे की, ठरावीक संख्येने मतदारांच्या सह्या गोळा केल्या तर नवा कायदा जनमतापर्यंत स्थगित राहतो. जनतेच्या हाती दिलेल्या या हत्याराचा उपयोग तंबाखू कंपन्यांनी केला. त्यांच्या पैशावर सह्या गोळा झाल्या आणि विधिमंडळाने संमत केलेला कायदा जवळजवळ दोन वर्षे कपाटात पडून राहिला. ८ नोव्हेंबर २०२२ रोजी मतदान झाले, तेव्हा सुमारे ६३ टक्के मतदारांनी कायद्याच्या बाजूने कौल दिला. अर्थात या बाजूच्या प्रचारामागेही ब्लूमबर्ग या अब्जाधीशाचा मोठा पैसा होता, हे विसरता येत नाही. तरीही कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तेथे त्यांना स्थगिती मिळाली नाही आणि २१ डिसेंबर २०२२ पासून कायदा अमलात आला. कंपन्या हरल्या, हे खरे. पण मधल्या दोन वर्षांत झालेली विक्री त्यांच्या पदरात पडलीच. भांडवलाला प्रत्येक वेळी लढाई जिंकावी लागत नाही. विलंब मिळाला तरी पुरते.

विलंबाच्या जोडीला पळवाट असते. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय प्रशासनाने स्वादयुक्त ई-सिगारेटविरुद्ध कारवाई जाहीर केली, ती फक्त आधीच भरलेल्या, बदलता येणाऱ्या कुपीच्या उपकरणांपुरती. एकदा वापरून फेकण्याची उपकरणे तीतून सुटली, आणि थोड्याच काळात दुकाने त्यांनीच भरून गेली. निकोटीन तंबाखूपासून काढलेले नसून प्रयोगशाळेत तयार केलेले आहे, म्हणून तंबाखूचा कायदा आपणास लागू नाही, असा दावा काही उत्पादकांनी केला. ती फट बुजवायला २०२२ साल उजाडले. अलाबामा, लुईझियाना, विस्कॉन्सिन इत्यादी राज्यांनी नोंदवहीचे कायदे केले : केंद्राची मान्यता असलेली किंवा जिचा अर्ज विचाराधीन आहे, तीच वस्तू विकावी. दिसावयास हे कडक. पण असे कायदे व्हावेत म्हणून बड्या सिगारेट कंपन्याच आग्रही होत्या. कारण उघड आहे. मान्यता मिळालेली बहुतेक उपकरणे याच कंपन्यांच्या मालकीची होती. लहान प्रतिस्पर्धी आणि चिनी माल हटला की बाजार कोणाचा, हे सांगावयास नको.

साथींनो, आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्यूल कंपनीवर राज्यांनी खटले भरले. सप्टेंबर २०२२ मध्ये तीसहून अधिक राज्यांशी ४३ कोटी ८५ लाख डॉलरची, तर एप्रिल २०२३ मध्ये आणखी सहा राज्ये व राजधानीचा प्रदेश यांच्याशी ४६ कोटी २० लाख डॉलरची तडजोड झाली. पैसे देण्याचे ठरले. दोष मान्य झाला नाही. याउलट अनेक राज्यांत अल्पवयीन मुलाजवळ उपकरण सापडणे हीच दंडनीय गोष्ट आहे. टेक्सास राज्याने २०२३ मध्ये असा कायदा केला की, शाळेत ई-सिगारेटसह सापडलेल्या विद्यार्थ्याला नेहमीच्या वर्गातून काढून शिस्तीच्या वेगळ्या शाळेत पाठविणे बंधनकारक. त्या शाळा भरून गेल्या, आणि २०२५ मध्ये पहिल्या अपराधापुरती सवलत द्यावी लागली. कंपनीने तडजोड केली आणि ती आपल्या व्यवहाराला लागली. वर्गाबाहेर काढलेल्या मुलाचे बुडालेले वर्ष मात्र कोणत्या तडजोडीत भरून निघणार?

काळ्या वस्त्यांत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. मेंथॉल सिगारेटची जाहिरात कंपन्यांनी दशकानुदशके याच वस्त्यांत केली. बंदीची भाषा सुरू होताच, बंदीमुळे पोलिसांचा जाच वाढेल, अशी ओरड कंपन्यांच्या हितचिंतकांनी केली. ही भीती निराधार नव्हती : २०१४ मध्ये न्यू यॉर्क येथे सुट्या सिगारेटी विकण्याच्या संशयावरून पोलिसांनी पकडलेल्या एरिक गार्नर या काळ्या नागरिकाचा गळा आवळला गेला आणि तो मरण पावला. जाहिरात करणाराच या भीतीचा आधार घेतो, हा विपर्यास होय. त्यावरचे उत्तर कायदा नको असे नाही. कायदा कारखाना, घाऊक व्यापारी व दुकान यांच्यावर असावा आणि ओढणाऱ्यावर नसावा, हे आहे.

सर्व दोष असूनही हे कायदे निष्फळ ठरले नाहीत. २०१९ मधील २७.५ टक्क्यांचा तो आकडा २०२४ मध्ये ७.८ टक्क्यांवर आला. वयोमर्यादा, स्वादबंदी, खटले, शिक्षक व पालक यांचा रेटा या साऱ्यांचा त्यात वाटा आहे.

आपल्या देशात वाट वेगळी होती. पंजाब, कर्नाटक, केरळ, महाराष्ट्र आदी राज्यांनी प्रथम आपापल्या आदेशाने बंदी घातली. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राचा वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये कायदा आला. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठा हे सारे गुन्हे ठरले. साठा वगळता, पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. केवळ ओढणाऱ्यासाठी मात्र या कायद्यात शिक्षा नाही. या बाबतीत आपला कायदा टेक्सासच्या कायद्याहून शहाणा आहे. परंतु वटहुकूम निघाला त्याच दिवशी शेअर बाजारात सिगारेट कंपन्यांचे भाव चढले, हेही ध्यानात घ्यावे. २०१६-१७ च्या पाहणीप्रमाणे देशातील २८.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करीत होते, त्यांत विडी ओढणारे सिगारेट ओढणाऱ्यांहून अधिक. त्या विड्या वळणाऱ्या लाखो स्त्रियांच्या कल्याणासाठी १९७६ च्या कायद्याने बसविलेला उपकर २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराबरोबर रद्द झाला. नव्या विषाला बंदी, जुन्या विषाला परवाना आणि ते वळणारीला वाऱ्यावर सोडणे, याला आरोग्याचे धोरण म्हणता येत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या भागात तीन गोष्टी पाहाव्यात. शाळेजवळ चोरून विक्री होत असेल तर तक्रार विक्रेत्याविरुद्ध व्हावी, मुलाविरुद्ध नव्हे. व्यसनात सापडलेल्या मुलाला उपचार मिळावा, त्याची शाळा सुटू नये. आणि तंबाखूविरोधाच्या प्रत्येक मागणीसोबत विडी कामगार स्त्रियांच्या पर्यायी रोजगाराची व कल्याण निधीची मागणी जोडलेली असावी. कायद्याचा हात कोणावर पडावा, हे विधिमंडळात लिहिले जाते. तो प्रत्यक्षात कोणावर पडतो, हे मात्र वस्तीतील संघटित जनताच ठरवू शकते.